शेवटी नाव सांगायचं

आषाढ लागला की पनवेलचे डीजे मोकळे होतात. लग्नं आटोपलेली असतात, दहीहंडी आणि गणपतीला अवकाश असतो. साउंडच्या भिंती ताडपत्रीखाली, टेम्पो गॅरेजला आणि पोरं घरी. अशाच एका भरपावसाच्या दुपारी जुन्या पनवेलातल्या एका माडीवर मी दोन माणसांच्या मध्ये बसलो होतो.

एक आमचे सर. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. घरात तीनेक हजार रेकॉर्डी, प्रत्येकीचं पेन्सिलीनं लिहिलेलं कार्ड. दुसरा त्यांचाच विद्यार्थी, तिशीचा. पनवेल-उरण पट्ट्यातल्या हळदी आणि वराती वाजवतो, आणि गेली काही वर्षं स्वतःही रेकॉर्डी जमवतो. दोघांचं एका बाबतीत पटेल तर शपथ. तरी दर पावसाळ्यात हा येतो, कारण नवी रेकॉर्ड मिळाली की ती एकदा सरांच्या सुईखालून जावी असं त्याला वाटतं. आणि सर येऊ देतात, कारण या विषयावर भांडायला गावात दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी गेलो होतो वेगळ्याच कामाला. 'संगीतात नवं काय निघालंय, घेण्यासारखं काय' असं काहीतरी लिहून द्यायचं कबूल करून बसलो होतो आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, या दोघांना बोलतं करावं, आपला लेख होऊन जाईल. झाला, पण ठरवला होता तो नव्हे.

पिशवीतून पहिली निघाली ती चरणजित सिंग यांची 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. नवी छपाई, कोरं करकरीत कव्हर.

"भैरव लावा सर."

सरांनी लावला. डोळे मिटून पुरता ऐकला. माणूस कितीही हेकट असो, रेकॉर्ड मध्येच उचलत नाही, हे त्यांचं मला आवडतं.

"पिठाची गिरणी चालू आहे," ते म्हणाले, "आणि आत कोणीतरी भैरव गुणगुणतंय."

"गुणगुणतंय ते बरोबर आहे का?"

"रिषभ कोमल लागलाय, धैवत कोमल लागलाय. चूक कुठे नाही. पण भैरवाचा रिषभ डुलावा लागतो. हा खिळ्यासारखा ठोकलाय. पेटीला जे येत नाही ते या खोक्याला कुठून येणार?"

"खोक्यात घसरायची सोय आहे सर. खालचा बेस ऐका, एका सुरावरून दुसऱ्यावर कसा ओघळतो. रोलँडचं यंत्र आहे ते. जपान्यांनी काढलं होतं बेस गिटारवाल्याच्या बदली वाजवायला. त्याचं ते काम जमलं नाय, कंपनीनं दोन-तीन वर्षांत बंद केलं. मग शिकागोच्या पोरांनी ती यंत्रं सेकंडहॅंडमधून स्वस्तात उचलली, पिरगाळून वाजवली, आणि १९८७ ला त्यातून ॲसिड हाउस निघालं. ही रेकॉर्ड १९८२ ची आहे. मुंबईची. एचएमव्हीची."

"मग एवढी थोर होती तर कोणी घेतली का नाही?"

"तुम्ही घेतलीत का?"

सर थोडे थांबले. "दुकानात हातात घेतली होती. कव्हर पाहून ठेवून दिली."

ही रेकॉर्ड तेव्हा खरंच कोणी घेतली नाही. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक, लग्नासमारंभातही वाजवायचे. दहा राग यंत्रांवर वाजवून ते आपल्या कामाला लागले. वीस वर्षांनी, २००२ साली, एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा काढली, आणि सत्तरी गाठलेले चरणजित सिंग युरोपात पोरासोरांसमोर वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते वारले.

"म्हणजे हॉलंडचा कान लागला तेव्हा आपल्याला ऐकू आलं," सर म्हणाले.

"ते आपल्याला लागलेलं लांछन आहे सर. रेकॉर्डला नाय."

हा मुद्दा त्यानं जिंकला असं मी मनात टिपून ठेवलं. किमतीवरून मात्र सरांनी त्याला घेतलं. मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात दहा-दहा रुपयांना खांद्यावरून झोळी भरून आणलेल्या माणसाला नव्या छपाईचे काही हजार रुपये ऐकून घेरी येणारच. "आणि हे कापलंय कशावरून?" सरांनी विचारलं. "मूळ टेपवरून, का संगणकातल्या फाइलवरून? फाइलवरून असेल तर तू हजारो रुपये देऊन प्लास्टिकवर तुझा पेन ड्राइव्हच विकत घेतलायस." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. २०२४ पासून मुंबईकडे पुन्हा रेकॉर्डी दाबायला लागलेत, त्यामुळे असल्या नव्या छपाया आणखी येणार. घेणाऱ्यानं सरांचा हा एक प्रश्न विचारावा. माझ्या मूळच्या लेखातली कामाची गोष्ट म्हणाल तर एवढीच.

दुसरी रेकॉर्ड सरांनीच काढली. छोटी, ४५ फेऱ्यांची. शांता शेळके यांची कोळीगीतं, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लताबाई आणि हेमंतकुमार. 'मी डोलकर' लागलं आणि पावसाचा आवाजसुद्धा त्याच चालीत पडायला लागला. सहा मात्रांचा तो झुलता ठेका. होडीत बसल्याशिवाय सुचू नये असा.

"याला म्हणतात रेकॉर्ड काढणं," सर म्हणाले. "एक शब्द हलवून दाखव. तुझ्या हळदीत याचं काय करतोस तू? चाळीस सेकंद वाजवतोस, खाली घण घालतोस, की पुढचं."

"चाळीस नाय, मिनिटभर तरी. आणि घण घालतो तो सहाच्याच चालीत घालतो. चारचा घातला तर कोळीवाड्यातली एक बाई उठणार नाय नाचायला. ते मला शिकवायला लागत नाय." मग जरा सरसावून बसला. "पण एक विचारू? यातले हेमंतकुमार बंगाली. शांताबाई घाटावरच्या. हृदयनाथ आणि लताबाईंचं तर सांगायलाच नको. होडीत यातलं कोण बसलं होतं? यांनी आमच्यासारखं करून गायलं तर ते अस्सल. आणि मी कोळी-आगऱ्यांच्या लग्नात कोळी-आगऱ्यांसमोर वाजवलं तर ते भ्रष्ट?"

"मी अस्सल म्हणालोच नाही. मी चांगलं म्हणालो."

"मग वेसावकर?"

"ते अस्सल." सर हसले. "आणि पुष्कळदा चांगलं."

कॅसेटच्या काळातली ही गोष्ट दोघांनाही मान्य आहे. एचएमव्हीच्या खोलीत कोणाला घ्यायचं ते कंपनी ठरवायची. कॅसेट आली आणि गावोगावच्या मंडळ्यांना दार उघडलं. वेसाव्याहून 'वेसावकर आणि मंडळी' निघाली, आनंद शिंद्यांचा पोपट घरोघर पोचला, एकवीरेच्या गाण्यांना कार्ल्याच्या पायऱ्यांवरच बाजार मिळाला. सरांकडे यातलं फारसं नाही. कॅसेट हा प्रकार त्यांनी कधी मनावर घेतला नाही. टेप ओढली जाते, आवाज उडतो, कार्ड करण्याच्या लायकीची वस्तू नव्हे. ही त्यांची चूक आहे असं मी पूर्वीपासून म्हणत आलोय. त्या दुपारी ती महागात पडणार होती.

मध्येच विद्यार्थ्यानं मोबाइलवर आपलं एक मिक्स लावलं. बरं चाललं होतं, आणि ऐन रंगात एक राक्षसी घोगरा आवाज त्याचं नाव घेऊन गेला. डीजे अमुक, फ्रॉम पनवेल.

"हे कोण ओरडलं?"

"टॅग सर. माझं नाव."

"गाण्याच्या मधोमध? शांताबाईंनी कडव्याकडव्यात आपलं नाव घातलं असतं तर?"

"तुकोबांनी घातलंय की."

सर खुर्चीत नीट बसले. तीस वर्षांची शिकवणी अंगात आली. "ती नाममुद्रा. शेवटी येते आणि एकदाच येते. अभंग झाला, आता खाली सही. तुझ्यासारखं दर दोन मिनिटांनी कोणी सही करत नाही."

"बरं. शेवटी आणि एकदाच. मग तुमची ती पुराची चवड काढा."

ती चवड मला माहीत होती. २६ जुलै २००५ ला गाढीचं पाणी गावात शिरलं तेव्हा सर खालच्या मजल्यावर राहत होते. तळातल्या फडताळातल्या दीडशे रेकॉर्डी पाण्यात गेल्या. बहुतेक ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. लाखेला पाण्याचं तेवढं भय नाही. तिचा शत्रू अल्कोहोल. हल्लीचे लोक उत्साहानं रेकॉर्ड पुसायला ते घेतात आणि लाखच विरघळवून बसतात. पण लेबलं कागदाची. ती सुटून गाळाबरोबर वाहून गेली. पाणी ओसरल्यावर सरांकडे दीडशे काळ्या ताटल्या उरल्या, कोरी कपाळं घेतलेल्या. मधल्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे असतात, त्यांवरून काहींचा माग लागला. आणि सगळ्यांत जुन्या ज्या होत्या, त्यांनी आपली ओळख आपणच दिली.

सरांनी एक लावली. खरखर, सारंगी, एका बाईचा तापलेला आवाज, तीन मिनिटांत गुंडाळलेली ठुमरी, आणि सुई आतल्या कडेला पोचता पोचता गाणारणीनं ठणकावून स्वतःचं नाव आणि गाव सांगितलं. मग नुसती खरखर.

"जानकीबाई," सर म्हणाले.

"कशावरून?"

"ऐकलंस ना. आणि तुला नववीत सांगितलंय हे मी."

सांगितलं होतंच. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. इथे मेणाच्या तबकडीवर आवाज कोरायचा, ती बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे रेकॉर्डी दाबल्या जायच्या आणि परत यायच्या. तिथल्या कामगाराला गौहरजान कोण आणि दुसरी कोण, काय कळणार? म्हणून गाणं संपलं की नाव सांगायचं. गौहरजान तर इंग्रजीत सांगायची. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तरी नाव सांगायची सवय आणखी काही वर्षं टिकली.

"म्हणजे टॅगच तो."

"टॅग नव्हे, पत्ता होता. तुझी जाहिरात आहे."

"माझाही पत्ताच आहे सर. मी मिक्स करतो, रात्री तीनला ग्रुपवर टाकतो, सकाळी ते दुसऱ्याच कोणाच्या नावानं उरणला वाजत असतं. माझं चॅनेल होतं. तीन वर्षांचं काम होतं त्यावर, दोनशेच्या वर मिक्स. हक्काच्या तक्रारी आल्या, एका दुपारी बंद झालं. हार्ड डिस्कही त्याच पावसाळ्यात गेली. आता ती मिक्सं आहेत ती लोकांच्या मोबाइलमध्ये, कोणी डीजे काय नाव दिलंय, कोणी काय. माझी कोणची, ते मी त्या राक्षसाच्या आवाजावरून ओळखतो आणि परत गोळा करतो. तुम्ही ही चवड जमवलीत ना, तसंच."

सर काही बोलले नाहीत. रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली.

हक्काचं तेवढं सांगून टाकतो, कारण पुष्कळांचा गोंधळ असतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो; गीत-संगीतावरचा आणखी वेगळा मोजायचा. दुसऱ्याचं गाणं नव्यानं गाऊन काढायचं तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं होऊन जावी लागतात, आणि पैसेही आधी भरावे लागतात. १९७२ च्या गाण्यावर बेतलेला 'कांटा लगा'चा रिमिक्स २००२ मध्ये गाजला, तेव्हा नियम सैल होते. पण लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत वाजवायला कायद्यानंच सूट दिली आहे. म्हणून त्याचं मिक्स मांडवात निर्धास्त वाजतं आणि जाळ्यावर चढवलं की गुन्हा ठरतं. त्याचं सगळं काम असं लग्नापुरतं जगतं.

"वरातीला माफ आहे," तो म्हणाला.

"कायद्यानं माफ असेल, मी नाही केलेलं," सर म्हणाले, आणि इथे आवाज पहिल्यांदा चढला. गेल्या वैशाखात एक वरात त्यांच्या दारावरून गेली. सर मल्लिकार्जुनांची रेकॉर्ड ऐकत होते. भिंतीचा पहिला दणका बसला आणि सुई तीन खोबण्या ओलांडून गेली. रेकॉर्डवर आजही तो ओरखडा आहे. सरांनी बोट लावून दाखवला. "तू म्हणतोस संगीत. मला ते छातीत लागतं, खिडकीच्या काचेत लागतं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहानंतर बंद. २००० सालचे नियम आहेत. तुझी भिंत सोड, या नुसत्या पावसाचा आवाज ५५ असेल."

"ती माझी गाडी नव्हती."

"तुझी कोणाच्या तरी दारावरून जातेच ना?"

"जाते." तो खाली बघत म्हणाला. "पार्टी बेस मोजून घेते सर. समोरच्यानं आठ लावले तर आपले बारा पायजेत. गाणं कोणतं हे शेवटी विचारतात. मी चार बेस कमी करतो बोललो तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. आमच्या गल्लीत बँजो पार्टी होती, काका वाजवायचे त्यात. रितेश देशमुखचा सिनेमा आला त्यांच्यावर तोवर इकडं त्यांची कामं निम्मी झाली होती. कोणामुळं? माझ्यामुळंच."

एवढ्यावर मी तरी सरांच्या बाजूचा. बारा बेसच्या बाजूनं बोलण्यासारखं काही असेल तर मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

चहा आला. पाऊस थोडा उणावला. तेव्हा त्यानं पिशवीच्या तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक कॅसेट काढली. साठ मिनिटांची, निळ्या शाईत '१९९१, लग्न'.

"ही वाजत नाय. बघता?"

"काय आहे?"

"धवला. बाबांच्या हळदीतला. आजी धवलारीण होती."

आगरी लग्न ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. धवलारीण ही गाणारी बाई, पण नुसती गाणारी नव्हे. उंबराची फांदी आणण्यापासून हळद लागेपर्यंत एकेका विधीचा तिचा धवला असतो, आणि तो म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही. पूर्वी पुष्कळ ठिकाणी लग्नच ती लावायची. वाद्य नाही, ताल नाही. ती ओळ टाकते, बरोबरच्या बायका उचलतात, आणि हे तासन् तास चालतं.

सरांनी कॅसेट हातात घेतली आणि सवयीनं सुरू झाले. "महदंबेचे धवळे. तेरावं शतक. गोविंदप्रभूंच्या लग्नविधीच्या निमित्तानं तिनं रचले. मराठीतली आद्य कवयित्री..."

"मी तिसऱ्या बाकावर होतो सर. तुम्ही बोललात, धवळे हा प्रकार पुढे लुप्त झाला."

"असं म्हणालो मी?"

"वहीत लिहून घेतलंय. त्याच रविवारी आजी शेजारच्या गावात हळदीत गात होती. पाच मैलांवर."

"मग हात वर का नाही केलास?"

"घरचं बोलणं तोंडातून निघालं की वर्ग हसायचा. तुम्ही नाय हसायचात. पण वर्ग हसायचा."

ते गाव आता नाही. नव्या विमानतळाच्या जागेत जी दहा गावं उठली त्यांतलं ते एक; घरचे आता वडघरकडे राहतात. आजी गाव उठायच्या आधीच गेली. तिच्या धवल्यात गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, एकेकाला नाव घेऊन हळदीचं बोलावणं असे. आज त्या जागांवरून विमानं उठतात.

"तीन हजार रेकॉर्डी आहेत तुमच्याकडं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "कलकत्ता आहे, अलाहाबाद आहे, पुणं आहे. पाच मैलांवरचं काय आहे?"

सरांनी उत्तर दिलं नाही. उठून स्क्रू ड्रायव्हर आणला. कॅसेट उघडली. टेप शाबूत होती, थोडी बुरशी. आतली तांब्याच्या पट्टीवरची स्पंजची गादी मात्र गळून पडली होती. ती नसली की टेप हेडला टेकत नाही. सरांनी एका जुन्या भजनाच्या कॅसेटमधली काढून बसवली. कॅसेटला वस्तू न मानणाऱ्या माणसाचा हात यात इतका सराईत कसा, हे मी विचारलं नाही.

तो काम बघत बसला, आणि मग म्हणाला, "यातला थोडा भाग मी आधी वापरलाय. कॅसेट वाजत होती तेव्हा काढून ठेवला होता. चुलतबहिणीच्या हळदीत लावला. ऐकवू?"

ऐकवला. म्हातारीचा आवाज, त्याखाली हळूहळू चढत येणारा बेस, मग दणका. मला अंगावर काटा आला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

सर म्हणाले, "श्वास कुठे गेला?"

"काय?"

"दोन ओळींच्या मधे तिनं श्वास घेतला असेल. कधी लांब, कधी छोटा. मागच्या बायका उचलतील याची वाट पाहिली असेल. तू तिला चौकटीत बसवण्यासाठी तेवढं कापलंस. आता ती वाट पाहत नाही. तुझ्या यंत्रामागे धावतेय."

तो गप्प झाला. मोबाइलवर पुन्हा तेवढाच भाग लावून ऐकला. "कापलाय," म्हणाला.

"त्या चरणजितच्या रिषभासारखंच झालं हे."

"पण सर, त्या दिवशी काय झालं ते ऐका. हे वाजलं आणि मांडवाच्या कडेला बसलेल्या चार म्हाताऱ्या उठल्या. मला वाटलं ओरडायला येतात. त्या पुढच्या ओळी म्हणायला लागल्या. माझ्या मिक्समध्ये पुढं काहीच नव्हतं, तेवढंच होतं. त्यांना सगळं पाठ होतं. माइक बंद, नुसत्या तोंडानं."

"आणि तुझा बेस?"

"बंद केला. अर्धा तास. जनरेटरवाला शिव्या घालत होता, पोरं खुर्च्या आपटत होती 'झिंगाट लाव' म्हणून. बंदच ठेवला."

सर खुर्चीतून अर्धे उठले होते. "रेकॉर्ड केलंस?"

"नाय."

"गाढवा!" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, वर्गातही नसावा. "चार माइक तुझ्याकडे! मिक्सर तुझ्याकडे! लाख रुपयांची सामग्री मांडून बसलायस आणि एक बटण दाबलं नाहीस? त्या चारमधल्या आज किती आहेत?"

"दोन."

"आणि काय करत होतास अर्धा तास?"

"ऐकत होतो सर."

आता या दोघांत बरोबर कोण, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही. मी असतो तर बटण दाबलं असतं आणि ऐकायचं राहून गेलं असतं.

गादी बसली. सरांनी कॅसेट डेकमध्ये टाकली, शेजारी आपलं ध्वनिमुद्रण यंत्र लावलं, त्याचा दिवा लाल झाल्याची दोनदा खात्री केली आणि मग बटण दाबलं. आधी कोणीतरी 'हॅलो, हॅलो' म्हटलं. कोंबडा आरवला. टू-इन-वनच्या माइकला घासलेल्या लुगड्याचा आवाज. मग ती. मिक्समधल्या आवाजाहून किती हळू, किती कमी जोर लावलेला. ओळ टाकायची आणि थांबायची. कधी इतकी थांबायची की वाटावं विसरली. मग मागून तीन-चार आवाज यायचे, एकसारखे नाहीत, एक पुढे, एक मागे. मधे मूल रडलं. भांडं पडलं. कोणी तरी दुसऱ्या कोणाला हळद आण म्हणून हाक मारली. एक बाजू संपली, दुसरी लावली. सरांनी पेन्सिल धरली होती, पण काही लिहीत नव्हते.

शेवटी धवला थांबला. टेप चालूच होती. एक तरुण पुरुषी आवाज, बहुधा ज्यानं टू-इन-वन भाड्यानं आणला होता त्याचा, म्हणाला, आजी, नाव सांगा ना, टेपमधे नाव येईल तुमचं. बायका हसल्या. ती पण हसली. पदर तोंडाला लावल्यासारखा आवाज दबला. 'माजं नांव कनाला,' एवढंच ऐकू आलं, आणि खट्.

सरांनी कार्ड पुढे ओढलं. "पनवेल परिसर. आगरी धवला. १९९१. हळद." लिहिता लिहिता थांबले. "नाव?"

तो सरांकडे बघत राहिला. "आजीच बोलायचो सर. सगळे आजी बोलायचे. कागदावर काय होतं..."

"वडिलांना लाव."

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे पाऊस, टीव्ही, मग वडील. आईचं नाव काय, या प्रश्नावर त्यांना आधी वाटलं कसला तरी फॉर्म आहे, सिडकोचा. "कनाला रं पायजे?"

"सरांना लिहायचंय."

वडिलांनी नाव सांगितलं. पावसानं मधलं अक्षर खाल्लं. त्यांनी पुन्हा सांगितलं. सरांनी पेन्सिल टेकवली, आणि इतक्या वर्षांची सवय जाईना, फोनकडे वाकून विचारलं, "मधला ऱ्हस्व की दीर्घ?"

"काय म्हायत सर," वडील म्हणाले. "आयनं कवा लिवलं नाय."